अवैध ठरलेले नाव : भाषा संचालकांस खुले पत्र

माननीय भाषा संचालक,
भाषा संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस धुळ्याहून एका अर्जनविसाचे पत्र.

महोदय,

गेली एकतीस वर्षे मी धुळ्यात कचेरीलगतच्या एका ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. आरंभी हाताने, पुढे टंकयंत्रावर आणि आता संगणकावर, एवढाच काय तो साधनांत पालट झाला. समोर बसणारा माणूस साक्रीचा, शिरपूरचा किंवा शिंदखेड्याकडच्या एखाद्या खेड्यातला, तोच राहिला, आणि आपले म्हणणे सरकारदरबारी रुजू होईल अशा शब्दांत कोणी मांडून द्यावे, ही त्याची अपेक्षाही तीच राहिली. या पत्रास कारण झाली ती गेल्या पावसाळ्यातील एक दुपार.

साक्री तालुक्यातील एक वयोवृद्ध विधवा बाई अनुदानाचा अर्ज भरण्यासाठी माझ्याकडे आल्या होत्या. एकेक रकाना मी त्यांना विचारून भरीत होतो. पतीचे नाव सांगताना त्या प्रथम 'कैलासवासी' म्हणाल्या आणि मग नाव उच्चारले. म्हणून मीही हाताच्या जुन्या सवयीने नावाआधी 'कै.' असे लिहिले. पुढे जाण्याची कळ दाबताच त्या रकान्याखाली तांबड्या अक्षरांत एक ओळ उमटली : "अवैध इनपुट. कृपया वैध मूल्य प्रविष्ट करा." बाईंना वाचता येत होते. पडद्यावरून बोट फिरवीत त्यांनी ती ओळ सावकाश वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "भाऊ," त्या म्हणाल्या, "मालकनं नाव अवैध कसं काय?"

अवैध हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. अवैध दारू, अवैध वाळूउपसा, अवैध बांधकाम अशा बातम्यांतून तो त्यांच्या कानावर वर्षानुवर्षे पडत आला होता, आणि ज्याच्यामागे पोलीस लागतात ते अवैध, एवढा त्याचा अर्थ त्यांच्या मनात पक्का होता. 'मूल्य' हा शब्दही त्यांना अपरिचित नव्हता. मूल्य म्हणजे किंमत, हे त्या जाणून होत्या, आणि म्हणूनच काही न बोलता त्यांचा हात पदराच्या गाठीकडे गेला. जे दोन शब्द आज्ञावलीच्या कर्त्याने निरुपद्रवी म्हणून कोशातून उचलले, त्यांपैकी एकाने त्या बाईंच्या दिवंगत पतीवर किटाळ आणले आणि दुसऱ्याने त्यांच्याकडे पैसे मागितले.

दोष होता तो 'कै.' मधल्या टिंबाचा. नावाच्या रकान्यात अक्षरांवाचून दुसरे काही चालणार नाही असा नियम ज्याने घातला, त्याच्या मनात वाईट काही नसावे. कोणी नावात आकडे घालू नयेत, कोणी तेथेच पत्ता घुसडू नये, इतकीच त्याची काळजी असेल. परंतु तो नियम अर्जदाराला सांगण्याचे काम ज्या वाक्यावर सोपवले होते, ते वाक्य नियमाविषयी अवाक्षर काढीत नव्हते. "नावात टिंब किंवा आकडा चालत नाही, फक्त अक्षरे लिहावीत" एवढे जरी तेथे असते, तरी काम एका क्षणात झाले असते. ते टिंब मला सापडेपर्यंत अर्धा तास गेला, आणि तोवर "आपले सत्र कालबाह्य झाले आहे" अशी दुसरी ओळ येऊन भरलेला सर्व अर्ज पुसला गेला. हे कोणत्या संकेतस्थळावर घडले ते मी मुद्दामच लिहीत नाही. नाव घेतले तर चौकशी एका कार्यालयाची होईल, आणि मला बोलावयाचे आहे ते एका प्रघाताविषयी.

महोदय, या ओळींकडे भाषेच्या बारीकसारीक चुका म्हणून पाहू नये, अशी माझी पहिली विनंती आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिला, आणि अर्ज नामंजूर करावयाचा झाल्यास त्याची कारणे लेखी नमूद करण्याचे बंधन अधिकाऱ्यावर घातले. त्यावर प्रथम अपील आहे, द्वितीय अपील आहे, आणि त्याहीपुढे आयोग आहे. परंतु ही सारी व्यवस्था सुरू होते ती अर्ज दाखल झाल्यानंतर. पडद्यावरची तांबडी ओळ अर्ज दाखल होण्याच्या आधीच, उंबरठ्यावरच माणसाला थांबवते. त्या नकाराला ना आवक क्रमांक, ना तारीख, ना पोच. बाई त्या दिवशी अर्ज न भरता परत गेल्या असत्या, तर त्या आल्या होत्या याची नोंद महाराष्ट्र शासनाच्या कोणत्याही दप्तरात राहिली नसती. अधिकाऱ्याने कारण दिले पाहिजे असे कायदा म्हणतो. मग त्याच अधिकाऱ्याच्या दारात उभ्या केलेल्या यंत्राने कारण द्यावे की न द्यावे, आणि द्यावे तर कोणत्या भाषेत, हा प्रश्न आज कोणाच्याच अखत्यारीत नाही. तो आपल्या संचालनालयाच्या अखत्यारीत यावा, यासाठी हा पत्रप्रपंच.

कारण देऊन अर्ज परत करण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मी या धंद्यात नवखा असताना जुने अव्वल कारकून अर्जाच्या समासात जो शेरा मारीत, तो माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. "अर्जासोबत चालू सालचा सातबारा उतारा जोडलेला नाही. तो जोडून पंधरा दिवसांचे आत अर्ज फेरसादर करावा." दोन वाक्ये, पहिल्यात काय कमी आहे ते, दुसऱ्यात काय करावे आणि केव्हापर्यंत ते. अर्जदार मूर्ख आहे असे त्यात कोठे सुचवलेले नसे, आणि कारकुनाने त्याच्यापुढे हात जोडल्याचा आवही नसे. त्या शेऱ्यातील 'उतारा', 'दाखला', 'मुदत', 'हरकत', 'फेरफार', 'नामंजूर' हे शब्द खेड्यातील माणसाला पुस्तकांतून कळलेले नव्हते, ते त्याने आपल्या बापाच्या तोंडून ऐकलेले होते. संगणकावर अर्ज आले तेव्हा ही शेऱ्याची मराठी आपल्या हाताशी तयार होती. तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. इंग्रजी वाक्यांचा गठ्ठा पुढे ठेवून त्यांतील शब्दांना एकेक मराठी शब्द चिकटवण्यात आला.

हे चिकटवणे कसे चालते, ते मला मागल्या वर्षी जवळून पाहावयास मिळाले. आमच्या गल्लीतील एक तरुण पुण्यात संगणक अभियंता आहे. एका पतसंस्थेसाठी त्याच्या मंडळींनी कर्जमागणीचा ऑनलाइन अर्ज तयार केला होता, आणि "काका, तुम्ही अर्जांची भाषा जाणता" असे म्हणून त्याने पडद्यावरच्या सर्व वाक्यांची फाइल माझ्यापुढे ठेवली. चारशेच्या वर ओळी होत्या. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे रिकामी जागा. कित्येक वाक्यांत एक महिरपी कंस होता, आणि त्या कंसात आयत्या वेळी रकान्याचे नाव येऊन बसेल, असे त्याने मला समजावून सांगितले. म्हणजे "अमुक रिकामे असू शकत नाही" असे एकच वाक्य मी द्यावयाचे, आणि 'अमुक'च्या जागी यंत्राने नाव, पत्ता, जन्मतारीख, जे लागेल ते बसवावयाचे.

मी म्हटले, बसवून दाखव. 'नाव रिकामे असू शकत नाही' येथवर वाक्य कसेबसे उभे राहिले. पुढे 'पत्ता रिकामे असू शकत नाही', 'जन्मतारीख रिकामे असू शकत नाही' असे येताच तो स्वतःच थबकला. इंग्रजीत नामाला लिंग नाही, म्हणून तेथे एक साचा सर्वांना पुरतो. मराठीत पत्ता रिकामा असतो, तारीख रिकामी असते आणि नाव रिकामे असते. प्रत्यय लागला की अडचण आणखी वाढते. जिल्हा हा शब्द प्रत्ययापूर्वी जिल्ह्या होतो, तालुक्याचे सामान्यरूप तालुक्या. परंतु यंत्राला सामान्यरूप ठाऊक नसल्यामुळे ते 'जिल्हा मध्ये' आणि 'तालुका साठी' असे तुकडे जोडीत जाते, आणि वाचणाऱ्याला आपल्याशी कोणी परका माणूस बोलत आहे असे वाटते. संख्येचे पाहावे तर एक त्रुटी असो वा तीन, 'त्रुटी' हा शब्द आमच्याकडे जसाच्या तसा राहतो आणि क्रियापद बदलते : एक त्रुटी आढळली, तीन त्रुटी आढळल्या. ज्या साच्यात केवळ नाम बदलण्याची सोय आहे, त्यात हे मावत नाही. त्यासाठी एकवचनाचे आणि अनेकवचनाचे अशी दोन पूर्ण वाक्ये स्वतंत्र द्यावी लागतात, आणि तशी देण्याची सोय आजच्या साधनांत आहे, हे त्या तरुणानेच मला दाखवले. सोय आहे, पण ती वापरली जात नाही.

'असू शकत नाही' या प्रयोगाविषयी मात्र मला थोडे थांबून सांगावयाचे आहे. 'तो चोर असू शकत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा आपण अनुमान सांगत असतो, तसे असणे संभवतच नाही असे म्हणत असतो. रकाना तर डोळ्यांसमोर रिकामा दिसतो आहे, आणि यंत्र म्हणते तो रिकामा असणे संभवत नाही! ज्या भाषेत 'पत्ता लिहिलेला नाही' असे चार बोटांचे सरळ वाक्य उपलब्ध आहे, त्या भाषेला अशा आडवळणाची गरज काय? त्याचप्रमाणे प्रत्येक वाक्याच्या तोंडी 'कृपया' बसवण्याची चाल. मराठीला विध्यर्थाचे देणे मिळालेले आहे : लिहावे, जोडावा, निवडावी. त्यात हुकूम नाही आणि आर्जवही नाही. समोरच्याची अदब राखून जे करणे आहे ते नेमके सांगण्याची ती रीत आहे, आणि शतकानुशतके आमच्या पत्रव्यवहाराने ती घासूनपुसून ठेवली आहे. 'प्रविष्ट करा' याहून 'लिहावे' हे लहान आहे, स्पष्ट आहे आणि अधिक सभ्यही आहे.

शेवटी आम्ही साचा टाकून दिला. प्रत्येक रकान्याला त्याचे त्याचे पूर्ण वाक्य दिले : "पत्ता लिहिलेला नाही. घर क्रमांक, गाव आणि तालुका लिहावा." "जन्मतारीख पुढच्या सालातील दिसते. साल तपासून पाहावे." वाक्ये चारशेची अकराशेच्या घरात गेली, आणि पंधरा दिवस संध्याकाळचे दिवेलागणीपासून आम्ही त्यांवर बसलो. लिहून झालेले प्रत्येक वाक्य मी दुसऱ्या दिवशी ओट्यावर आलेल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवीत असे आणि 'यावरून काय करायचे ते कळले का' एवढेच विचारीत असे. त्या परीक्षेत माझेही पुष्कळ शब्द नापास झाले. 'संकेतशब्द' म्हणजे काय हे कोणालाच कळले नाही, पासवर्ड सर्वांना कळला. ओटीपीला प्रतिशब्द शोधण्यात मी घालवलेला वेळ व्यर्थ गेला, कारण तो शब्द शेतावरच्या सालदारालाही मुखोद्गत होता. उलट 'डाउनलोड सर्टिफिकेट' यापेक्षा 'दाखला उतरवून घ्यावा' हे अधिक लोकांना समजले. तत्सम की फारसी की इंग्रजी, या वादाचा निकाल त्या ओट्यावर दर वाक्याला निराळा लागत होता. मी स्वतः संस्कृतप्रचुर मराठीवर प्रेम करणारा माणूस आहे, हे या पत्रावरून आपल्या ध्यानी आलेच असेल. तरीही माझ्या आवडीला तेथे मत नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या पंधरवड्यात कळली, ती अशी की वाक्य खरे लिहू गेले म्हणजे आज्ञावलीतील दोष उघडा पडतो. 'सत्र कालबाह्य झाले' याऐवजी मी लिहिले : "बराच वेळ काही न भरल्यामुळे अर्ज बंद झाला आहे. पुन्हा आत यावे. आधी भरलेला मजकूर जपून ठेवला आहे." तरुण म्हणाला, "काका, पण आपण तो जपून ठेवत नाही." मी म्हटले, "मग तसे लिहितो : तुमचा अर्ध्या तासाचा मजकूर पुसला गेला आहे." तो काही वेळ गप्प बसला, आणि दोन दिवसांनी मजकूर जपून ठेवण्याची तजवीज करून आला. अवघड शब्दांच्या आड ती उणीव कोणाला टोचली नव्हती. साध्या वाक्यात लिहिल्याबरोबर ती ज्याने केली त्यालाच सहन होईना.

शब्दांच्या मागे यंत्राच्या रचनेतही काही गाठी आहेत, आणि त्या भाषेच्या जाणकारांनी समजून घेतल्यावाचून सुटणार नाहीत. युनिकोड संहितेत क, द, श ही 'अक्षरे' या वर्गात नोंदली आहेत. वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलंत ही 'चिन्हे' या निराळ्या वर्गात. आता 'शिंदे' हे नाव घ्यावे. यंत्राच्या दृष्टीने त्यात पाच संकेत आहेत : श, वेलांटी, अनुस्वार, द आणि मात्रा. 'नावात केवळ अक्षरे असावीत' असा नियम जर चिन्हांचा विचार न करता लिहिला, तर पाचांपैकी तीन संकेत परके ठरतात, आणि खानदेशात पावलोपावली भेटणारे हे आडनाव तपासणीत उतरत नाही. ज्याच्या नावात एकही काना-मात्रा नाही असाच मराठी माणूस त्या दारातून सुखरूप आत जाईल. आकड्यांचीही अशीच तऱ्हा. जगभरच्या भाषांचे संकेत ज्या सामायिक कोशात साठवले आहेत त्यात मराठीचे आकडे देवनागरी धरले आहेत. त्यामुळे तीच आज्ञावली रक्कम दाखवताना '१,२५,०००' अशी दाखवते, आणि माणसाने तेच आकडे भ्रमणध्वनीच्या मराठी कळफलकावरून रकान्यात लिहिले की त्यांना अंक मानावयास नकार देते. काही सूचना तर संकेतस्थळाच्या नसतातच. रकाना रिकामा राहिला की ब्राउझर आपले ठरीव वाक्य ज्या भाषेत तो स्वतः बसवलेला आहे त्या भाषेत उच्चारतो, म्हणून सगळे पान मराठी असूनही ऐन अडचणीच्या वेळी इंग्रजी बोलते. त्यावर उपाय आहे, अवघडही नाही. पण पान मराठी झाले असा दाखला देणाऱ्याने मुद्दाम चूक करून पाहिल्याशिवाय हे दिसत नाही. भ्रमणध्वनीवरच्या संदेशांत खर्चाची बाब आहे : इंग्रजी लिपीतील एका संदेशात १६० वर्ण मावतात, देवनागरीत ७०. एका मराठी वाक्याला दोन संदेशांचे दाम पडते म्हणून इंग्रजीच पाठवले जाते. सत्तर वर्णांत नेमके वाक्य लिहिता येते, पण त्यासाठी कोणी बसले पाहिजे.

आमच्या गावाच्या नावाचेच पाहावे ना. रोमन लिपीतल्या नोंदीवरून यंत्राने केलेल्या लिप्यंतरात धुळ्याचे 'धुले' झालेले मी किती दाखल्यांवर पाहिले, त्याची गणती नाही. आणि एकदा ते तसे नोंदले गेले की पुढल्या तपासणीत 'धुळे' लिहिणाऱ्याला 'नोंद आढळली नाही' असे उत्तर मिळते. अहिराणीत ळकाराच्या जागी यकार येतो आणि आमची माणसे शाळेला 'शाया' म्हणतात, हे खरे; परंतु कागदावर ती ळ लिहावयास शिकली आहेत, आणि ते शिकणे वाया जाऊ नये. माझ्या ओट्यावर येणाऱ्यांपैकी पुष्कळांची घरची बोली अहिराणी आहे, सातपुड्याकडच्यांची पावरी किंवा भिली. प्रमाण मराठी हीच त्यांना एक पायरी वर चढून घ्यावी लागते. त्या पायरीवर आणखी इंग्रजीच्या अन्वयाची दुसरी पायरी रचू नये.

मराठीत असणे आणि मराठी माणसाला कळणे या दोहोंतले अंतर या गावाला परके नाही. विनोबांच्या मातोश्रींना गीता समजून घ्यावयाची होती. संस्कृत येत नव्हते, म्हणून विनोबांनी त्यांना वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. ती मराठीतच होती, तरी त्यांना ती अवघड गेली, आणि मग तूच का करीत नाहीस, असे त्या मुलाला म्हणाल्या. १९१८ साली त्या वारल्या. 'गीताई' रचून झाली ती १९३१ साली, आणि तिची पहिली आवृत्ती निघाली १९३२ मध्ये, आमच्या धुळ्यात, विनोबा येथल्या तुरुंगात असताना. त्याच तुरुंगात त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. गीतेसारख्या ग्रंथाशी अर्जाच्या रकान्याची तुलना मी करीत नाही. परंतु भाषांतर कोणासाठी, याचे उत्तर देताना विनोबांच्या डोळ्यांपुढे एक बाई होती, आणि अवैध इनपुट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणीच नव्हते.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी देह ठेवला आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. जुन्या दप्तरांतून त्यांनी मराठीवरील फारसीच्या परिणामाचा जो माग काढला, त्यावरून माझ्यासारख्याला एवढे कळते की राज्यकारभाराची भाषा आपोआप घडत नाही. कोणीतरी ती हेतुपूर्वक घडवावी लागते, आणि मग लोक तिच्यातले काय ठेवायचे ते ठरवतात. फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' शिवछत्रपतींनी करविला. त्यातील सगळे शब्द टिकले नाहीत. मुदत आणि हरकत हे फारसीतून आलेले शब्द आजही आपल्या जागी आहेत. आपले संचालनालय ६ जुलै १९६० रोजी स्थापन झाले, १९६२ मध्ये 'पदनाम कोश' निघाला, पुढे 'शासन व्यवहार कोश' आला. त्या काळी या शब्दांवर टीका झाली, आणि आज त्यांतले पुष्कळ शब्द आम्ही न अडखळता वापरतो. ते काम करणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण ते कोश शब्दांचे होते, कारण कागदावर वाक्य लिहिणारा कारकून हयात होता. शब्द दिला की तो वाक्य जुळवीत असे. आता वाक्य जुळवणारा माणूस मध्ये राहिलेला नाही. यंत्राला तयार वाक्यच द्यावे लागते.

म्हणून माझी मागणी शब्दकोशाची नाही, वाक्यांच्या कोशाची आहे. नाव, पत्ता, तारीख, आधार क्रमांक, बँक खाते, उत्पन्न, जोडपत्रे, छायाचित्र, शुल्क अशा ज्या बाबी जवळजवळ प्रत्येक शासकीय अर्जात येतात, त्यांतील प्रत्येकीच्या संभाव्य चुका घेऊन त्यांवरचे पूर्ण, व्याकरणशुद्ध, बोलके मराठी वाक्य संचालनालयाने सिद्ध करावे, आणि ते कोणालाही विनामूल्य उचलता येईल अशा स्वरूपात खुले करावे. ब्रिटनच्या सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी असा नमुना करून ठेवला आहे, आणि त्यात ज्या गोष्टी टाळाव्यात म्हणून सांगितले आहे त्यांत 'वैध', 'अवैध' आणि 'कृपया' या तिन्हींचे इंग्रजी मूळ शब्द आहेत. ज्या इंग्रजीवरून आपण ही वाक्ये उतरवली, तिने आपल्या घरी ती केव्हाच टाकून दिली. आपल्याकडे नावाचाच रकाना घेतला तरी काम निकडीचे आहे : १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासनाने लावला, आणि तीन खणांच्या इंग्रजी साच्यात ही चार नावे कशी बसवावीत याचा उलगडा अर्जदाराला करून देणारे वाक्य मला अद्याप कोठे आढळलेले नाही.

ही वाक्ये मुंबईत लिहिली जावीत, परंतु मुंबईतच तपासली जाऊ नयेत. धुळे, गडचिरोली, सिंधुदुर्ग, परभणी, जेथे जेथे अर्ज भरून देणारी माणसे ओट्यावर किंवा सेवा केंद्रात बसली आहेत, तेथे ती मोठ्याने वाचून पाहावीत, आणि ज्या वाक्यानंतर माणूस 'म्हणजे काय?' असे विचारील ते परत घ्यावे. असे ऐकणारे लोक जमवण्याचे काम धुळ्यात मी स्वखुशीने करीन. त्यासाठी मानधन नको.

सोबत एकेचाळीस वाक्यांची यादी जोडली आहे. सातव्या क्रमांकाचे वाक्य साक्रीच्या त्या बाईंच्या अर्जाचे; 'कै.' मधले टिंब काढून मी त्यांचा अर्ज दाखल केला तेव्हा पतीच्या नावाआधीचा तो आदराचा उल्लेख गेल्याचे त्यांना वाईट वाटले होते, म्हणून त्यात "कैलासवासी लिहावयाचे असल्यास पूर्ण शब्द लिहावा" अशी जोड दिली आहे. एकोणतिसावे वाक्य मला अजून साधलेले नाही. निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला आलेला नसेल तेव्हा ते दाखवावयाचे असते. प्रचलित वाक्य "आपण हयात असल्याची नोंद नाही" असे आहे, आणि ते वाचून ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ माझ्यासमोर बराच वेळ नुसते बसून राहिले होते. मी "आपला या वर्षीचा हयातीचा दाखला अजून पोहोचलेला नाही" असे लिहिले आहे, पण तो कोठे आणि केव्हापर्यंत द्यावा हे त्याच वाक्यात कसे आणावे, ते सुचत नाही. आपल्या कार्यालयातील जाणकारांनी ते पुरे करून द्यावे.

आपला नम्र,
एक अर्जनवीस
धुळे